मुक्या गाडीची घुंगरं

लोणावळ्याच्या बाजारात ताजुद्दीनला सगळे वेडसर समजत. रस्त्यानं चालताना पुढं कुणी असलं, मग ती बाई असो, पोर असो की डोक्यावर पाटी घेतलेला हमाल, तर हा लांबूनच हाक मारायचा, "मी ताजुद्दीन. मागनं येतोय." आणि त्या माणसानं वळून पाहिल्याशिवाय त्याला ओलांडून पुढं जायचा नाही. टवाळ पोरांना याची फार मौज वाटे. ती मुद्दाम वळत नसत. मग हा बापडा त्यांच्या मागं मागं थेट स्टेशनपर्यंत जाई. एकदा मी दुकानातून उठून त्या पोरांची चांगली खरडपट्टी काढली. मी शिंपी माणूस, दिवसभर मान खाली घालून मशीन चालवतो. पण माझं तोंड मशीनपेक्षा जोरात चालतं हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. त्यांना म्हटलं, "लेको, त्याच्यावर गुदरलं ते तुमच्यावर गुदरलं असतं, तर तुम्ही घराबाहेर पाऊल टाकलं नसतंत."

काय गुदरलं ते मात्र त्या पोरांना सांगत बसलो नाही. ते आता सांगतो.

ताजुद्दीन मूळचा टांगेवाला. त्याचा बापही टांगेवालाच. स्टेशनवरून मुंबईची माणसं उचलायची आणि बंगल्यांवर पोचवायची, यात दोन पिढ्या गेल्या. त्याचा घोडा पोटात कळ येऊन मेला तेव्हा तो दुसऱ्या घोड्याच्या शोधात होता. तेवढ्यात वलवणच्या बाजूला राहणाऱ्या एका पारशी बाईंनी त्याला बोलावून घेतलं. बाई वयस्कर, एकट्या, मुंबई सोडून इथंच कायमच्या राहायला आलेल्या. त्यांना डोकेदुखीचा असा आजार होता की मोटारीचा फटफटाट कानावर पडला की त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पडत. म्हणून त्यांनी आपली विजेवर चालणारी गाडी मुंबईहून रेल्वेनं आणवली होती, आणि ती हाकायला त्यांना मोटारवाला नको होता. मोटारवाले आरडाओरडा करतात, असं त्यांचं म्हणणं. ताजुद्दीन घोड्याशीसुद्धा हळू बोलायचा, ही त्याची कीर्ती बंगल्यापर्यंत पोचली होती.

गाडी म्हणजे एवढीशी. काचेचा उभा डबा, आत दोन माणसांची जागा, खाली चार बारीक चाकं. पुढं इंजिनाचं नाकाड नाही, हातात धरायला चाक नाही. वळायला एक दांडा आणि चालवायला दुसरा. आमच्या बाजारात भाड्याची मोटार चालवणारा हौशीराम तिला पहिल्यांदा बघून म्हणाला, "हे मोटारीचं पिल्लू दिसतंय. अजून आवाज फुटला न्हाई." त्या दिवसापासून ती मुकी गाडी झाली.

माझ्या दुकानाच्या फळीवर बसून त्या गाडीवर जेवढे वाद झाले तेवढे म्युनिसिपालिटीच्या सभेतही झाले नसतील. हौशीरामच्या मोटारीला सकाळी हँडल मारावं लागे. थंडीत ती हट्टाला पेटली की हा घामाघूम. एकदा तर हँडल उलटं फिरून त्याचं मनगट मोडलं होतं. ताजुद्दीन नुसता आत बसायचा, दांडा पुढं ढकलायचा, की निघाली. धूर नाही, वास नाही, बाईंच्या साडीला काळा डाग नाही. भाजीवाल्यांच्या पाट्यांमधून ती अशी वळे की हौशीराम आपली मोटार लांब उभी करून पायी येईपर्यंत ताजुद्दीन बाईंना घेऊन दुकानाच्या पायरीला लागलेला असे.

"गावात फिराय हिच्यासारकी गाडी न्हाई, मास्तर," तो मला म्हणायचा.

"आन गावाबाहीर?" हौशीराम लगेच टोचायचा. "खंडाळ्याचा चढ चढून दाव की."

तिथं ताजुद्दीनचं घोडं अडायचं. चढ आला की गाडीचा जीव निम्मा व्हायचा. बंगल्याच्या मागच्या खोलीत तिच्यात रात्रभर वीज भरत ठेवावी लागे, आणि एवढं करून ती मळवलीला जाऊन परत येईलच याची खात्री नाही. चिखल तिला चालत नसे. एकदा वीज संपून ती भर बाजारात उभी राहिली तेव्हा हौशीरामनं दोरी बांधून तिला ओढत नेली, आणि पुढं महिनाभर तो माझ्याकडं त्या गाडीचा "आमचं वासरू" असाच उल्लेख करत होता. मला स्वतःला तिचा एकच दोष दिसायचा, कारण तो माझ्या मशीनखाली येत असे. बॅटरीतलं ॲसिड उडून ताजुद्दीनच्या एकूण एक विजारींना भोकं पडत. त्याची बायको मदिना त्या घेऊन यायची आणि म्हणायची, "मास्तरभाऊ, घोड्यानं निदान कापडं तरी खाल्ली न्हवती."

पण खरा दोष आमच्यापैकी कुणाच्याच बोलण्यात आला नाही. गाडीला आवाज नव्हता, आणि हा आम्ही तिचा गुण धरून चाललो होतो.

लोणावळ्याचं धुकं ज्यानं पाहिलंय त्यालाच हे कळेल. आषाढ लागला की भर दुपारी समोरचं दुकान दिसत नाही. माणूस आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. अशा धुक्यात रस्त्यानं चालताना पाठीला काहीतरी वाटायचं. वळून बघावं तर हातभर अंतरावर काचेचा डबा उभा, आणि आत ताजुद्दीनचा चेहरा. ओढणारं कोणी नाही, ढकलणारं कोणी नाही, धूर नाही. खालच्या गावांतून बाजाराला येणाऱ्या बायकांनी तिचा धसकाच घेतला. तिला वेताळ ओढतो असं बोलणं झालं. बंगल्याच्या फाटकावर लिंबू-मिरच्या येऊन पडू लागल्या. रस्त्यात झोपलेलं एक कुत्रं तिच्याखाली गेलं, तेही जागं न होता. त्या दिवशी ताजुद्दीन जेवला नाही. बाईंना भोंगा बसवायचं विचारलं तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

कुसगावच्या वरच्या आळीचा महिपती हा ताजुद्दीनचा जुना दोस्त. घोडा होता तेव्हा गवत त्याच्याकडूनच यायचं. महिपतीच्या घरी पाखऱ्या आणि हरण्या अशी बैलजोडी. त्यातला पाखऱ्या त्याआधीच्या उन्हाळ्यात मेला. महिपतीची आई सरुबाई तेव्हा लेकीकडं वडिवळ्याला गेली होती. ती परत आली तेव्हा सगळं आटोपलेलं. पाखऱ्याला तिनं वासरू असल्यापासून हातानं चारलं होतं. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "त्येची घुंगरं त्येच्यासंगं पुरलीस न्हवं?" महिपती म्हणाला, "व्हय आये, पुरली."

पुरली नव्हती. पितळेची जुनी, त्याच्या आज्याच्या वेळची घुंगुरमाळ. मातीत टाकायला त्याचा हात झाला नाही, आणि दुसऱ्या बैलाच्या गळ्यात बांधायलाही मन झालं नाही. त्यानं ती आढ्याला लपवून ठेवली होती. ताजुद्दीनचं रडगाणं ऐकल्यावर तो ती फडक्यात गुंडाळून घेऊन आला. माझ्याच दुकानात दिली. "तुज्या गाडीला बांद," म्हणाला. "फकस्त आयेच्या कानावर जाऊ देऊ नगंस. आमच्या आळीकडं आणूबी नगंस."

ताजुद्दीननं ती गाडीच्या तोंडाला आडवी बांधली. गाडी निघाली की झुळझुळ वाजायची. बाईंना तो आवाज आवडला. धुक्यातून घुंगरं ऐकू आली की आता कुणी दचकत नसे. लिंबू-मिरच्या बंद झाल्या. आम्हाला वाटलं, मिटलं.

मिटलं कसलं! मागून टांगा आला की माणूस आपोआप कडेला होतो, कारण घोड्याचा भरवसा नसतो. बैलाचं तसं नाही. बैल माणसाला वळसा घालून जातो हे आमच्या मावळातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. त्यातून डोक्यावर भारा असलेल्या बाईनं बैलगाडीसाठी बाजूला व्हायचं नसतं. गाडीवानानं आपली गाडी काढून घ्यायची, असा इकडचा रिवाज आहे. मागून बैलाची घुंगरं आली की बायका मान न वळवता तशाच चालत राहत. ताजुद्दीनचा जन्म घोड्यामागं गेलेला. लोक बाजूला का होत नाहीत हे त्याला उमगेना. तो गाडी थांबवायचा, उतरायचा, विनवायचा, पुन्हा बसायचा. सवय होईल लोकांना, असं म्हणायचा.

श्रावणातली सकाळ होती. बाईंना कुसगावच्या वाटेवर एका मैत्रिणीच्या बंगल्यावर सोडून तो रिकामी गाडी घेऊन बाजाराकडं परत येत होता. धुकं असं की रस्त्याची कडसुद्धा दिसत नव्हती. सरुबाई गवताचा भारा घेऊन बाजाराला निघाली होती. तिची पाठ त्याला अगदी शेवटी दिसली. तरी तो सावकाश होता. कडेनं काढून घेता आली असती. पण ती चालता चालता थांबली. थांबून तिनं भारा मागं कलता केला आणि एक पाऊल मागं टाकलं, गाडीकडं. ओल्या ब्रेकनी वेळेवर धरलं नाही.

त्यानं तिला त्याच गाडीत घालून, घाबरत घाबरत कुसगावच्या चढापर्यंत नेलं. पुढं माणसांनी झोळीतून घरी पोचवलं. दुपारी तो माझ्या दुकानात आला, तेव्हा त्याच्या कपड्यांवर गवताच्या काड्या चिकटलेल्या होत्या. त्यानं त्या झटकल्या नाहीत.

"मास्तर," म्हणाला, "ती माज्याकडं वाकली. पळायचं सोडून माज्याकडं वाकली. का वाकली?"

मी त्याच्या कपड्यांवरच्या काड्या वेचू लागलो. त्या रात्रीपासून त्याला झोप लागली नाही. मदिना सांगायची, तो अंथरुणात उठून बसतो आणि कान देतो. काय ऐकतोस विचारलं तर म्हणतो, काही नाही, सगळं गप आहे.

उत्तर घेऊन महिपतीच आला. तो चिडून आला असता तर बरं, पण तो खचून आला होता. फौजदाराकडं जायचं त्याच्या मनातही नव्हतं. म्हातारीचं कंबरेचं हाड गेलं होतं. हाडवैद्यानं फळ्या बांधल्या होत्या, आणि पोटात अन्न राहिलं तर हाड धरेल असं सांगितलं होतं. पण म्हातारी अन्नाला शिवत नव्हती. घोटभर पाणी, बास.

"ती म्हणती, पाखऱ्या आलता," महिपती खाली बघत बोलला. "ती भारा घिऊन निगाली की त्यो मागनं येऊन भाऱ्यातला घास वढायचा. ती थांबून वाकायची त्येच्यासाटी. रोजचंच व्हतं. आता म्हणती, मी त्येच्या मरणाला न्हवते, म्हनून त्यो मला न्यायला आलता. परत यील. जेवून कशाला बसू?"

ताजुद्दीननं तोंडावर दोन्ही हात घेतले.

"मग सांग की तिला," मी ओरडलो. "गाडी होती म्हणून सांग. तू घुंगरं पुरली नाहीस म्हणून सांग!"

"सांगितलं, मास्तर. पाय धरून सांगितलं. म्हणती, मला जगवाय खोटं बोलतोयस. आदी मी खोटं बोललो तवा तिनं खरं मानलं. आता खरं बोलतोय तर..." मग तो ताजुद्दीनला म्हणाला, "ती गाडी घिऊन ये. तिच्या डोळ्यांम्होरं चालवून दाव. तरच म्हातारी वाचंल."

बाईंनी त्या दिवसापासून गाडीला कुलूप घातलं होतं. ताजुद्दीननं विचारलं तेव्हा त्यांनी किल्ली आणून त्याच्या हातात दिली. आम्ही सकाळीच निघालो. ताजुद्दीन आत, मी बाहेरून चालत. चिखलात ढकलायला कुणीतरी हवंच होतं. हौशीराम आपणहून आला. मोटारीनं ओढून नेतो म्हणाला, पण वरच्या आळीच्या त्या वाटेवर त्याची मोटार मावलीच नसती. हे त्यालाही कळत होतं. तो निमूटपणे ढकलायला लागला. घुंगरं वाजत होती. वाटेत भेटणारी माणसं आमच्याकडं न बघता पुढं जात होती.

चढाच्या तोंडाशी गाडीनं मान टाकली. होती नव्हती ती वीज इथं खर्च केली असती तर सरुबाईसमोर गाडी हललीच नसती, आणि न हलणारी गाडी दाखवून काय उपयोग? महिपती वर गेला आणि हरण्याला घेऊन आला, दोरानं गाडी ओढायला.

हरण्या खाली उतरेपर्यंत बरा होता. गाडी पाहूनही तो बुजला नाही, पण आम्ही ती जरा पुढं ढकलली, घुंगरं वाजली, आणि तो जागच्या जागी थांबला. कान पुढं झाले. मग महिपतीच्या हाताला हिसका देऊन तो सरळ गाडीपाशी आला, घुंगरांना नाक लावलं, आणि ती चाटायला लागला. एक एक घुंगरू चाटत होता. हौशीरामनं मान फिरवली. मला तिथून पळून जावंसं वाटलं, खरं सांगतो. मागच्या धुक्यात काहीतरी उभं आहे आणि ते फक्त हरण्याला दिसतंय, असं मला वाटत होतं, आणि मी काही भुताखेतांना मानणारा माणूस नाही.

हरण्यानं गाडी वर ओढली. त्याला एकदाही हाकावं लागलं नाही.

अंगणात पोचल्यावर महिपतीनं दोर सोडला. सरुबाईला बाजेसकट ओसरीवर आणून ठेवलं होतं. मी तिला बाजारात कितीदा पाहिलं असेल. आता हाडांवर लुगडं घातल्यासारखी दिसत होती. ताजुद्दीन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. बोलायचं सगळं त्यानं वाटेत घोकलं होतं, ते कुठं गेलं कुणास ठाऊक.

"मावशी," म्हणाला, "मी ताजुद्दीन. पाखऱ्या न्हवता. मी व्हतो. ही गाडी व्हती. बगा."

तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तो गाडीत जाऊन बसला. दांडा ढकलला. गाडी हलली, काहीही आवाज न करता, आणि घुंगरं वाजू लागली. अंगणाच्या एका टोकापासून ती दुसऱ्या टोकाकडं चालली.

म्हातारीची नजर गाडीवर खिळली. मला वाटलं, आता पटलं, सुटलो. आणि तेवढ्यात हरण्या निघाला. त्याला कुणी हाकललं नव्हतं. तो गाडीच्या डाव्या अंगाला आला, जोडीत त्याची जी बाजू होती त्या बाजूला, आणि मान खाली घालून गाडीच्या बरोबरीनं चालू लागला. गाडी हळू झाली की तोही हळू होई. ताजुद्दीननं अंगणाच्या टोकाला गाडी वळवली, तर तो आपल्या बाजूवर राहण्यासाठी मोठा वळसा घेऊन वळला.

महिपतीनं कपाळावर हात मारला. "गेलं," तो पुटपुटला. आता म्हातारीला कोण पटवणार? आम्ही आणलेला पुरावाच उलटला होता. खरं सांगायचं तर त्या घडीला मलासुद्धा पटत नव्हतं.

ओसरीसमोर येऊन गाडीतली वीज संपली. घुंगरं थांबली. हरण्याही थांबला आणि वाट पाहू लागला. सगळं अंगण वाट पाहत होतं.

सरुबाईनं थांबलेल्या गाडीकडं पाहिलं, मग तिच्याकडं आस लावून उभ्या असलेल्या हरण्याकडं पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला.

"त्यालाबी फसिवलं रं तुमी," ती म्हणाली.

ताजुद्दीन गाडीतून उतरून खाली चिखलातच बसला. महिपती घुंगरं सोडायला पुढं झाला, तर ती ओरडली, "ऱ्हाऊ दे! हात लावू नगंस!" इतके दिवस पाण्यावर असलेल्या म्हातारीत तो आवाज कुठून आला कोण जाणे. तिनं जिभेनं चुचकारून हरण्याला जवळ बोलावलं. तो आला. बाजेवरून तिचा हात त्याच्या कपाळापर्यंत पोचेना, म्हणून त्यानंच मान खाली केली. तिनं त्याचा कान धरला.

"न्हाई रं," ती त्याला सांगू लागली. "न्हाई आला त्यो. त्यो न्हवंच. ही मानसांची गाडी हाय." आणि उन्हाळ्यापासून न रडलेली ती बाई तेव्हा रडली. हरण्यानं मान वळवून पुन्हा गाडीकडं पाहिलं. तिनं त्याचा कान ओढून त्याचं तोंड आपल्याकडं फिरवलं. असं किती वेळा झालं असेल.

सून दारात उभी होती. सरुबाईनं डोळे न पुसताच तिला हाक मारली.

"पेज हाय का गं? आण. मी गेले तर ह्येला कोन समजाविल?"